आगाऊ उपकारस्तुती

देव आहे की नाही यावर वाद घालणारी माणसं रगड आहेत. देव वेळेवर येतो की नाही, यावर उतारवय घालवलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो हदगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता.

शांतवन सोनकांबळे. नावात 'शांत' ठेवणं हा त्यांच्या आईवडिलांचा भाबडेपणा. तीसेक वर्षं स्टँडवरच्या माइकसमोर काढल्यामुळे या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. अख्खं गाव त्यांना कंट्रोलरकाका म्हणायचं. त्यांनी समोरच्या माणसाला 'बसा' म्हटलं तरी अर्धापूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटायचं. रिटायर झाल्यावर स्टँडचा माइक सुटला, म्हणून त्यांनी आमच्या चर्चचा धरला. आमच्या मंडळीचे ते मुख्य पंच. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची सगळी घरं, आणि मी त्या मंडळीची सेक्रेटरी. बाकीचे दिवस मी हायस्कुलात मराठी शिकवायची आणि रविवारी काकांचं मराठी ऐकायची.

"महिला मंडळाची सभा बुधवारी चार वाजता दाविद मिस्त्रींच्या घरी लागेल," ते वेदीजवळ उभं राहून सांगायचे. "महिलांनी लवकर येऊन जागा धरावी." एकदा उपासनेच्या शेवटी "सर्व प्रवाशांनी आशीर्वादासाठी उभं राहावं" असं म्हणाले. सगळे उभे राहिले. कुणी हसलं नाही, कारण तोवर सवय झाली होती.

स्टँडवर त्यांचा एक नियम होता, आणि तो ड्रायव्हरांना फार छळायचा. आलेल्या गाड्यांच्या वहीत ते गाडीची वेळ चाक थांबल्याशिवाय लिहीत नसत. ड्रायव्हर फाटकातून ओरडायचा, "काका, लिहून टाका, आलोच हाय." काका पेनाला टोपण लावून त्याच्याकडे पाहत बसायचे. गाडी फलाटाला लागली, थांबली, दार उघडलं, मग टोपण निघायचं. "आली म्हणजे आली," ते म्हणायचे. "येऊन राहिली म्हणजे आली न्हाई." या एका हट्टापायी त्यांनी दोन डेपो मॅनेजरांशी भांडण घेतलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

असा माणूस देवाच्या बाबतीत बरोबर उलटं का वागायचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्यात उपकारस्तुतीची रीत आहे. पोरगा पास झाला, ऑपरेशन नीट झालं, सून सुखरूप बाळंत झाली, की त्या घरचं माणूस रविवारी उभं राहून देवाचे आभार मानतं. साधी रीत आहे आणि तिचा क्रमही साधा आहे: आधी गोष्ट होते, मग आभार. काकांनी हा क्रम बदलला. ते आभार आधी मानायचे आणि गोष्टीला तारीख द्यायचे.

एका वैशाखात वादळानं चर्चच्या छपराचे पाच पत्रे उडाले. एक पत्रा बाजार समितीच्या आवारात सापडला, बाकीचे चार कुणाला तरी जास्त गरजेचे होते. पुढच्या रविवारी डोक्यावर निळं आभाळ घेऊन आम्ही उपासनेला बसलो, आणि काकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, येत्या शनिवारपर्यंत छपराचं काम पूर्ण करून दिल्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो." आमेन म्हणून त्यांनी डोळे उघडले आणि सरळ तिसऱ्या बाकावरच्या दाविद मिस्त्रीकडे पाहिलं. दाविदचं वेल्डिंगचं दुकान होतं. तो त्या दिवशी जेवला की नाही ठाऊक नाही, पण शनिवारी दुपारी छपरावर होता. देव विश्वासू आहे, याबद्दल काकांना तिळमात्र शंका नव्हती. दाविदलाही नव्हती, फक्त त्याची पाठ आठवडाभर धरली होती.

एकदा त्यांनी माझ्यासाठीही आभार मानले. "आमच्या सेक्रेटरी बाईंचा स्वभाव तू मवाळ केलास, प्रभू, त्याबद्दल आम्ही तुझे उपकारी आहोत." त्या दिवशीचा आमेन जितक्या जोरात झाला तितका मी नाताळालाही ऐकला नाही. दारात मी त्यांना गाठलं.

"काका, स्टँडवर चाक थांबल्याशिवाय लिहीत नव्हता. इथं गाडी सुटायच्या आत लिहिता?"

"तिथं ड्रायव्हर माणूस होता बाई," ते म्हणाले. "इथं ड्रायव्हर कोण हाय ते मालूम हाय."

यावर काय बोलणार? स्वभाव मवाळ झालेला नसल्यामुळे मी बरंच बोलले, पण त्यांनी ऐकलं नाही.

मग आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गेले. त्यांना देवाचं पाचारण आलं, आणि ते पुण्याकडून आलं. पाचारण नेहमी चांगल्या हवेच्या, चांगल्या शाळांच्या गावाहूनच येतं. धर्माबादहून कुणाला पाचारण आल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. आम्ही त्यांना शाल दिली, फोटो काढला, आणि त्यांचा टेम्पो वारंग्याच्या दिशेनं गेला.

लातूरला आमच्या पंथाचं विभागीय कार्यालय होतं. कुठल्या गावाला कोणता पाळक द्यायचा हे तिथं ठरायचं. मी रीतसर अर्ज लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या, पाठवून दिला. तीन महिने उत्तर आलं नाही. मी म्हटलं, दुसरा अर्ज करू. काकांनी हात वर केला.

"एकदा अर्जी दिली ना बाई? दुसरी द्यायची म्हणजे पहिलीवर भरवसा न्हाई असं होतं."

"लातूरवर भरवसा नाहीच आहे माझा."

"अर्जी लातूरला हाय. भरवसा लातूरवर कामून ठेवायचा?"

आणि जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, मंडळीच्या वार्षिक सभेत, ते उभे राहिले आणि हदगावच्या मंडळीला नवीन पाळक दिल्याबद्दल त्यांनी देवाची खणखणीत उपकारस्तुती केली. पाळक कुठं होता? पाळकाची खुर्ची होती. तिच्यावर त्या दिवशी महिला मंडळाचं हार्मोनियम ठेवलेलं होतं.

सेक्रेटरीचं काम म्हणजे सभेत झालं ते लिहून वार्षिक अहवाल लातूरला पाठवणं. मी लिहिलं: 'नवीन पाळक दिल्याबद्दल मंडळीने देवाची उपकारस्तुती केली.' झालं होतंच तसं. खरं सांगायचं तर मी ते थोडं खवचटपणानंच लिहिलं. वाटलं, लातूरला कुणीतरी वाचेल, हसेल, आणि विचारेल की हा काय प्रकार आहे. पण कार्यालयातली माणसं हसण्यासाठी अहवाल वाचत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या वर्षी काकांनी पुन्हा आभार मानले, मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या वर्षीही तेच.

त्या वर्षांत मंडळी गळत गेली. हायवेला एक नवी प्रार्थनासभा सुरू झाली होती. तिथं ढोल, कीबोर्ड, मऊ खुर्च्या आणि गार हवा होती. आमच्याकडे काका होते. तरुण पोरांनी काय निवडलं हे सांगायला नको. पोरांच्या मागे आया गेल्या, आयांच्या मागे बाप. चाळीस घरांची अकरा घरं उरली. उपासना काकाच चालवायचे. कुण्या जुन्या पाळकाच्या प्रवचनांची पिवळी पडलेली वही त्यांच्याकडे होती, तीच आलटून पालटून वाचायचे. सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाचं प्रवचन मी सहा वेळा ऐकलं आहे. सगळं भागत होतं, फक्त प्रभुभोजन भागत नव्हतं. भाकर आणि द्राक्षरसाचा तो विधी दीक्षा झालेल्या पाळकाच्याच हातून व्हावा लागतो. पंचांना तो अधिकार नाही, मग त्यांचा आवाज कितीही मोठा असो.

गेलेली माणसं बाजारात भेटली की मी रस्ता बदलायची. काका रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जायचे. "सलाम, सलाम. कसं काय? पोरगी बरी हाय?" मला संताप यायचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "गाडी बदलली बाई त्यांनी. गाव थोडंच बदललं?"

आता सुलोचनाकाकूंबद्दल सांगायला हवं. काकांच्या घरात आवाजाचा सगळा वाटा काकाच वापरून टाकत असल्यामुळे काकू फार कमी बोलायच्या. चर्चची वेदीवरची चादर त्या धुवायच्या, इस्त्री करायच्या, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन अंथरायच्या. प्रभुभोजन बंद झालं तरी महिन्याच्या महिन्याला चादर धुतली जायची. मी म्हटलं, काकू, वापरली नाही तर मळते कशी? त्या म्हणाल्या, "धूळ बसती की."

दुसऱ्या वर्षी त्या न्हाणीत पडल्या. कमरेचं हाड मोडलं, नांदेडला ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. दिवसेंदिवस खंगत गेल्या. मी शाळा सुटली की जाऊन बसायची. एक दिवस काका दूध आणायला गेले असताना त्यांनी माझा हात धरला.

"बाई, यांना सांगा न्हवं. नांदेडचे पाळक बोलवा म्हून. एकदा भोजन घ्यावं वाटून राहिलं."

"तुम्ही नाही सांगितलं?"

"सांगितलं. हे म्हणतात, आपला येतोच हाय."

मी काकांना सांगितलं, चांगलं खडसावून सांगितलं. नांदेडचे पाळक भले माणूस होते. त्यांच्याकडे आधीच तीन गावं होती, तरी एका फोनवर आले असते. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपला येऊनच राहिला की बाई. दुसऱ्याच्या मंडळीचा माणूस कामून ओढायचा? त्यांना काय कमी काम हाय?"

"आणि काकूंनी किती दिवस थांबायचं?"

"देवानं आजपर्यंत कधी फसवलं हाय का आपल्याला?"

पाळकांना बोलावणं मुख्य पंचांकडूनच जावं लागतं, असा आमच्यात शिरस्ता आहे. मी त्या शिरस्त्याचा आधार घेतला आणि गप्प बसले. एरवी सगळ्या स्टाफरूमला धाकात ठेवणारी मी. माझ्या मोबाइलमध्ये नांदेडच्या पाळकांचा नंबर होता. मी लावला नाही. ही गोष्ट मला अजून सलते, आणि शिरस्त्याचं नाव सांगून ती कमी होत नाही.

काकू वर्षभर थांबल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी गेल्या. हायवेवाल्या प्रार्थनासभेच्या पास्टरांनी निरोप पाठवला की मी येतो दफनविधीला. काकांनी हात जोडून नको म्हटलं आणि विधी स्वतः चालवला. त्याच आवाजात, खड्ड्याच्या कडेला उभं राहून. शेजारच्या शेतात हरभऱ्याच्या भुशाचे ढीग होते, तिथली गडीमाणसं काम थांबवून टोप्या काढून उभी राहिली, इतकं ते लांबवर ऐकू जात होतं. मग मयताचं नाव घ्यायची जागा आली आणि आवाज बंद पडला. काका कागदाकडे पाहत राहिले. नाव मीच त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, मोठ्या अक्षरात. शेवटी मागून मी म्हटलं, "सुलोचना शांतवन सोनकांबळे." मग त्यांनी पुढचं वाचलं.

मला वाटलं, आता हा माणूस ताळ्यावर येईल. जानेवारीत ते पुन्हा उभे राहिले. नवीन पाळक दिल्याबद्दल, हे प्रभू. मी उठून जाणार होते. गेले नाही, कारण अहवाल मलाच लिहायचा होता. तो मी रागानं, शब्दाला शब्द लिहिला.

या खेपेला मात्र लातूरहून उत्तर आलं. पाळक असूनही ज्या मंडळ्यांची सभासदसंख्या घटत आहे, त्या बंद करून जवळच्या मोठ्या मंडळीला जोडण्याचा विचार आहे, हदगाव नांदेडला जोडण्यात येईल, काही म्हणणं असल्यास प्रत्यक्ष येऊन मांडावं. मी पत्र दोनदा वाचलं. 'पाळक असूनही' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि काकांना घेऊन लातूरची गाडी धरली.

कार्यालयातला कारकून सज्जन होता. त्यानं चहा मागवला, फाइल काढली, आमच्यापुढे फिरवली. माझेच चार अहवाल होते, माझ्या वळणदार अक्षरात. प्रत्येकातल्या त्या एका वाक्याखाली लाल रेघ आणि समासात कुणीतरी लिहिलेलं: जागा भरली.

"पण आमचा अर्ज होता," मी म्हटलं.

"होता ना मॅडम. अर्ज जुना, अहवाल नवा. आमच्याकडं नव्यावर काम चालतं. तुम्हीच तर कळवलंय पाळक मिळाला म्हणून, तेही चार वर्षं लागोपाठ. आम्हाला वाटलं, लईच खूश आहेत पाळकावर."

मला हसू आलं. खरंच आलं. चार वर्षं आम्ही ज्याची वाट पाहत होतो तो आमच्याकडे येऊन राहिलेला होता, फक्त फाइलीत. हसता हसता मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पहिल्या अहवालावर बोट ठेवलं होतं आणि तिथून ते बोटांची पेरं मोजत होते. पहिला जानेवारी, दुसरा. मग काकू पडल्या तो महिना, मग तिसरा जानेवारी. मग उन्हाळा. तिथं येऊन बोट थांबलं. चहा तसाच राहिला.

परतीच्या गाडीत अहमदपूर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं इतका वेळ गप्प राहणं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते सोसेना.

"बाई," ते म्हणाले, "चाक थांबायच्या आधी नोंद केली मी."

"काका, लिहिलं मी."

"तुम्ही झालं ते लिहिलं. बोललो मी. तिकडच्या माणसाच्या वहीत गाडी पोचली होती. तो दुसरी कामून सोडील?"

मग मी जे म्हणायला नको होतं ते म्हटलं. "आणि देवाला मालूम नव्हतं? त्याला दिसत नव्हतं काकूंचं वाट पाहणं? लातूरच्या कारकुनाला नाही कळलं, समजू शकते. देव पण अहवालच वाचतो का?" माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून पाहिलं.

काका खिडकीबाहेर पाहत होते. "त्यानं शब्द पाळला न्हाई असं म्हणू नका," ते म्हणाले. "तो शब्द त्यानं दिलाच नव्हता. मीच त्याच्या तोंडात घातला. तारखेसकट." मग म्हणाले, "ती सांगून राहिली होती, नांदेडचा बोलवा. तो निरोप देवाचाच असंल. मी ऐकला न्हाई."

त्यांना देवावर रागावता येत नव्हतं. मला येत होतं, आणि नांदेड येईपर्यंत मी तेच केलं.

पुढच्या रविवारी त्यांनी अकरा घरांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. माइक घेतला नाही. पाळक माझ्यामुळे आला नाही, चार वर्षं तुम्हाला भोजन मिळालं नाही ते माझ्यामुळे, पोरं गेली त्यातही माझा हात आहे, मला पंचपदावरून काढा. शेवटी दाविद मिस्त्री उठला आणि म्हणाला, "काका, छप्पर तर झालं होतं ना." एवढंच बोलून तो बसला. काकांना पदावरून काढायचा ठराव कुणी मांडला नाही, मी तर वहीच उघडली नाही.

लातूरनं मग तिघांची समिती पाहणीला पाठवायचं ठरवलं. मंडळीत किती जीव उरलाय ते पाहून निर्णय होणार होता. मी लगेच कामाला लागले. माझ्या स्टाफरूममधले चार देशमुख-पाटील त्या रविवारी पांढरे कपडे घालून बाकांवर बसायला आनंदानं तयार झाले होते. एक जण तर विचारत होता, "मॅडम, आमेन कधी म्हणायचं तेवढं सांगून ठेवा." काकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी साफ नाही म्हटलं.

"आता न्हाई बाई. जेवढी हाय तेवढीच दाखवायची."

"जेवढी आहे तेवढी पाहिली तर बंद करतील."

"करू द्या. खोटी भरलेली चालू राहून काय कामाची?"

समिती आली. अध्यक्षांनी सभासदसंख्या विचारली. काका उभे राहिले. "अकरा घरं, सव्वीस माणसं. त्यातले दोघं आजारी हायेत, आज आले न्हाईत. तिघं कानानं अधू. बाकीचे हायेत ते हे."

अध्यक्ष जरा अवघडले. "मग इतक्याशा लोकांना स्वतंत्र पाळक कशाला हवा? नांदेड काय लांब आहे?"

"साहेब, आम्हाला प्रवचन हाय. वहीत हाय. गाणी पाठ हायेत. पण आमच्यातली आता एक एक जाणार. जायच्या आधी माणसाला भोजन मिळावं, एवढीच अर्जी हाय. आमच्या घरची तशीच गेली." आवाज नेहमीचाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. शेवटच्या बाकावर मी होते. मी डोळ्यांतलं कुसळ काढायच्या निमित्तानं चष्मा काढला, आणि खरं तर रडले.

निर्णय पंधरा दिवसांनी आला. स्वतंत्र पाळक नाही. पण चर्च चालू ठेवायचं, आणि नांदेडचे नवे सहायक पाळक दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी येऊन प्रभुभोजन देतील. मला वाटलं, चार वर्षांची तपश्चर्या आणि पदरात काय, तर महिन्याची एक खेप. काकांनी पत्र दोन्ही हातांत धरलं. "रूट चालू झाला बाई," ते म्हणाले. "बंद पडला होता."

त्यांच्या प्रार्थनाही बदलल्या. आगाऊ आभार गेले ते गेलेच. आता ते फक्त हजेरी द्यायचे. "प्रभू, आज एकोणीस जण आलेत. बाकीचे दुखण्यानं घरी हायेत. तू बघून राहिलास." मंडळीला हे फार जड गेलं. पूर्वी आगाऊ आभारांची थट्टा करणारे आता म्हणू लागले की काकांनी जरा आशेचं काही बोलावं. माणसाचं समाधान कशातच नाही, आमच्या सव्वीस जणांचं तर नाहीच. पण काका रोज सकाळी जाऊन चर्च झाडायचे, आणि काकूंची चादर आता ते स्वतः धुवायचे, वाईट धुवायचे, निळीचे डाग पडायचे. देव आपला शब्द पाळतो, यावरची त्यांची श्रद्धा मला आधीपेक्षा जास्त घट्ट झालेली दिसायची. फरक इतकाच, की तो शब्द कोणता, हे आता ते ठरवत नव्हते.

पहिल्या महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी सहायक पाळक आले. सव्विशीचं पोरगेलं माणूस, चष्मा, पाठीला सॅक. काका त्यांना स्टँडवरून घेऊन आले, खुर्ची पुसली, भाकर-द्राक्षरस मांडून दिलं, लोकांना ओळीनं पुढे सोडलं. सगळे झाले आणि काका आपल्या बाकावर जाऊन बसले. पाळकांनी खूण केली. काकांनी मान हलवली. "आज न्हाई," ते म्हणाले.

दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या, चौथ्या महिन्यात तेच. ज्या माणसानं न आलेल्या गोष्टीचे चार वर्षं आभार मानले, तो आलेली गोष्ट घेईना. मी बऱ्याच टोमण्यांनी त्यांना छेडून पाहिलं. ते फक्त म्हणाले, "तिला मिळालं न्हाई, बाई. मी कसा घेऊ?"

मग माझी निवृत्ती झाली आणि मी नांदेडला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. सामान गेलं होतं. हदगावातला माझा शेवटचा रविवार नेमका तिसरा होता. उपासना सुरू होण्याआधी मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. दाढी नीट झालेली नव्हती, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं. या दोन्हीकडे पूर्वी कुणाचं तरी लक्ष असायचं.

"काका," मी म्हटलं, "काकूंना भोजन हवं होतं. तुम्ही उपाशी राहावं असं त्यांना हवं होतं का? मला तरी तसं बोलल्या नव्हत्या." मवाळपणे बोलायचं ठरवून बसले होते, जमलं नाही.

त्यांनी तुटलेल्या बटणाची जागा चाचपली.

लोक ओळीनं जाऊन आले. मीही जाऊन आले. सगळे झाल्यावर तरुण पाळकांनी वेदीवरून ताट उचललं आणि पायऱ्या उतरून काकांच्या बाकापाशी आले. त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच सुचलं, मला ठाऊक नाही. ते ताट धरून उभे राहिले. पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला.

काकांचा उजवा हात मांडीवरून उठला. भाकरीचा तुकडा हातात आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. पुढच्या बाकाला गेलं नसेल, इतक्या हळू ते बोलले.

"लई उशीर झाला गं," ते म्हणाले, आणि तुकडा तोंडात घातला.